पांच दिवसांचें युद्ध आणि प्रवाशाचे डोळे

२००८ च्या शरदांत आम्हीं जॉर्जिया पाहिला. रशियाशीं झालेलें पांच दिवसांचें युद्ध १२ ऑगस्टला थांबलें होतें. तिबिलिसींतील गजबजलेलीं उपाहारगृहें पाहून आमचे एक सहप्रवासी उद्गारले, 'येथें युद्ध झालेंसें वाटतच नाहीं!' पुढें हेंच वाक्य त्यांच्या प्रवासवर्णनांत छापून आलें, आणि वाचकांनीं तें गोड मानून घेतलें! राजधानींतल्या द्राक्षासवावरून (त्याची गोडी आम्हीहि नाकारीत नाहीं) देशाचें दुःख मोजणारे हे गृहस्थ जवळच्या त्सेरोवानीस कां उतरले नाहींत? दक्षिण ओसेतियांतून परागंदा झालेल्या जॉर्जियन कुटुंबांसाठीं हमरस्त्यालगत एकसारख्या घरकुलांच्या रांगा तेथें घाईघाईनें उठत होत्या. रशियानें २६ ऑगस्टला त्या प्रांताचें स्वातंत्र्य मान्य केलें, तेव्हांच त्यांची परतीची वाट बुजली.

जॉर्जिया निर्दोष होता, असें आमचें म्हणणें नाहीं. त्स्खिनवालीवरील त्याच्याच हल्ल्यानें उघड युद्धास तोंड लागलें, असा निष्कर्ष युरोपीय संघानें नेमलेल्या चौकशी मंडळानें २००९ मध्यें काढला. पण राज्यकर्त्यांच्या चुकीनें निर्वासिताचें जळलेलें घर अदृश्य होतें काय?

गोरीस मात्र त्यांनीं आवर्जून मोटार नेली होती. तेथील चौकांत ऑगस्टांत बाँब पडून माणसें मेलीं. त्यांनीं छायाचित्र घेतलें तें स्टालिनच्या पुतळ्याचें.