पिशवीवर लेबल लागते, मग शाळेतल्या यंत्रावर का नको?



बियाण्याची पिशवी घेताना आपण नुसते कंपनीचे नाव बघत नाही. उगवण किती टक्के, चाचणी कोणत्या तारखेची, मुदत कधीपर्यंत, हे सगळे लेबलावर बघतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने कंपन्यांना ते छापायला लावले. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. आपण पावती जपून ठेवतो आणि उगवले नाही तर तक्रार करतो.

आता सरकारी शाळांच्या दारात नवा माल येतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ए.आय. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणारे, त्याची उत्तरे तपासणारे, तो कुठे कच्चा आहे ते सांगणारे यंत्र. या मालावर लेबल कुठे आहे?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. दोन शिक्षक चार-पाच वर्ग ओढतात, त्या शाळेतल्या पोराला गणित पुन्हा पुन्हा समजावणारे काही मिळत असेल तर ते हवेच आहे. शहरातल्या पोराला शिकवणी आहे, आपल्या पोराला नाही. आमचे भांडण सौद्याशी आहे.

अमेरिकेत काय झाले ते बघा. लॉस एंजेलिसचा शाळा-जिल्हा हा त्या देशातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा. मार्च २०२४ मध्ये त्यांनी 'एड' नावाचा बोलका मदतनीस वाजतगाजत सुरू केला. 'ऑलहिअर' नावाच्या कंपनीशी ६० लाख डॉलरपर्यंतचा करार होता, त्यातले सुमारे ३० लाख देऊन झाले होते. तीन महिन्यांतच कंपनीने बहुतेक नोकरांना घरी बसवले आणि मदतनीस बंद पडला. मुलांची माहिती नियमाप्रमाणे हाताळली जात नाही, असे कंपनीच्याच एका माजी अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. पीक बुडाले आणि बियाणेवालाही पळाला, अशातली गत.

दुसरे उदाहरण 'पॉवरस्कूल'चे. ही कंपनी शाळांचे दप्तर संगणकावर ठेवते. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्याकडून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली. कंपनीने खंडणी भरली. तरीही मे २०२५ मध्ये त्याच माहितीच्या जोरावर शाळांना पुन्हा धमक्या आल्या. चोरीला गेलेला बैल बाजारात सापडेल, चोरीला गेलेली माहिती परत येत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती लागते असे म्हटले. पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, मुख्य तरतुदी लागू करायला त्यांनी आणखी १८ महिने दिले, आणि मुलांवर पाळत न ठेवण्याच्या अटीतून शैक्षणिक संस्थांना काही सूटही दिली. म्हणून कायद्याच्या भरवशावर न बसता करारातच अटी घातल्या पाहिजेत.

त्या अटी अशा:

१. आधी चाचणी, मग खरेदी. ही यंत्रे मुख्यतः इंग्रजी मजकुरावर तयार होतात आणि चुकीचे उत्तरही ठासून देतात. वऱ्हाडी, अहिराणी, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात चाचणी व्हावी आणि किती उत्तरे चुकली ते मराठीत जाहीर व्हावे.

२. मुलाची माहिती मुलाची. ती विकायची नाही, जाहिरातीला वापरायची नाही, पालकांच्या परवानगीशिवाय यंत्र शिकवायला वापरायची नाही. करार संपला की पुसायची आणि तसे लेखी द्यायचे.

३. पैसे हप्त्याने, काम बघून. कंपनी बुडाली तर माहिती कोणाच्या ताब्यात जाईल आणि शाळेचे काम कसे चालेल, हे करारातच लिहिलेले असावे.

४. पोराला नापास किंवा 'ढ' ठरवण्याचा अधिकार यंत्राला नाही. शेवटचा शब्द शिक्षकाचा. यंत्राच्या नावाखाली शिक्षकाची जागा रिकामी ठेवता येणार नाही.

५. करार मराठीत, शाळेच्या फलकावर.

हे मागायचे कुठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. पुष्कळ गावांत ही समिती सहीपुरतीच उरली आहे. कोऱ्या कागदावर अंगठा उठवायचे दिवस गेले, असे आपण सावकाराला सांगितले. तेच आता कंपनीला आणि जिल्हा परिषदेला सांगायचे आहे.

या मेळाव्यात वरच्या पाच अटींचा ठराव मांडावा. मायबहिणींनी तो आपल्या गावच्या समितीत वाचून दाखवावा आणि अटी लिहून मिळाल्याशिवाय सही करू नये. माल चोख असेल त्या कंपनीला लेबल लावायला भीती कसली?