शाळा मोठी कां, लहान कां?

गेल्या महिन्यांत नेरूळच्या एका स्नेह्यांकडे मोठा खल चालला होता. नातीचें नांव आठवीसाठीं कोणत्या मिशनशाळेंत घालावयाचें? आजोबांचा आग्रह दूरच्या, विस्तीर्ण आवाराच्या शाळेचा. सूनबाईंना जवळची, दोनच तुकड्यांची शाळा पसंत. "मुलें जास्त, त्या अर्थीं शाळा चांगली," असा आजोबांचा न्याय. तो आम्हांस पटला नाहीं. म्हणून या खेपेस त्याचाच विचार करूं.

कॅथॉलिक शाळा सर्वत्र सारख्याच असाव्यात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः शाळा कोण चालवितो, यावर तिचा आकार पुष्कळसा ठरतो. वसईकडे पाहा. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीज गेले. पण तेथील मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज राहिला. तेथें चर्चच्या आश्रयानें वाढलेली शाळा प्रथम आपल्या पंचक्रोशीची असते. उलट, १८६९ सालीं जेझुइट पंथीयांनीं मुंबईंत स्थापिलेलें सेंट झेवियर हायस्कूल किंवा १८६७ चें पुण्याचें सेंट व्हिन्सेंट हीं साऱ्या शहराकडे पाहून वाढलीं.

अमेरिकेंतहि हाच भेद दिसतो. फिलाडेल्फियांत धर्मप्रांतानेंच अनेक चर्चक्षेत्रांसाठीं मिळून मोठीं हायस्कुलें काढलीं. न्यूयॉर्कांत निरनिराळ्या पंथांनीं आपापल्या लहानमोठ्या शाळा चालविल्या. फिलाडेल्फियाच्या कार्डिनल डोहर्टी हायस्कुलांत १९६५ च्या सुमारास जवळजवळ ६,००० विद्यार्थी होते! पुढें कुटुंबें उपनगरांत गेलीं, अल्प वेतनावर शिकविणारे धर्मगुरु व भगिनी कमी झाल्या, फी वाढली. आणि २०१० सालीं तीच शाळा बंद झाली. आकार हा कांहीं चिरंजीवित्वाचा दाखला नव्हे.

आतां नवी मुंबईची गोष्ट. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि भातशेतें व मिठागरें यांच्या जागीं आखीव शहर उभें राहूं लागलें. येथें वसाहतींच्या आराखड्यांतच शाळांसाठीं भूखंड राखले गेले. ज्या संस्थेस ऐसपैस भूखंड मिळाला, तिला वाढण्यास वाव मिळाला. वाशीस फादर अ‍ॅग्नेल यांच्या नांवाच्या आवारांत तर शाळेबरोबर अभियांत्रिकी महाविद्यालयहि आहे. जुन्या मुंबईंतील शाळेस शेजारचा वाडा कोण देणार? तिनें मजले चढवावे, नाहीं तर सकाळ-दुपार अशीं दोन सत्रें भरवावीं.

दुसरी गोष्ट पैशाची. अनुदानित शाळेंत मंजूर शिक्षकांचा पगार सरकार देतें, पण किती शिक्षक मंजूर व्हावयाचे तें पटसंख्येवरून ठरतें. विनाअनुदानित शाळेचा संसार मुख्यतः फीवर चालतो. म्हणजे दोन्हीकडे बांकें भरलेलीं असणें चालकांस सोयीचें.

शिवाय या शाळांतून बसणारीं बहुतेक मुलें कॅथॉलिक नसतात. तीं तुमच्या-आमच्या घरचीं असतात. म्हणून शहरांत ख्रिस्ती वस्ती किती, यावरून पटाचा अंदाज बांधतां येत नाहीं. इंग्रजी माध्यमाची ओढ कितपत, नोकरदार कुटुंबें किती आलीं, जवळ दुसरी शाळा आहे कीं नाहीं, यांवर तो बेततो.

तात्पर्य, शाळेचा आकार जमीन, पैसा व मागणी यांची कहाणी सांगतो, शिक्षणाची नव्हे. मोठ्या शाळेंत प्रयोगशाळा, मैदान, निवडीला अधिक विषय मिळूं शकतात, हें खरें. पण प्रवेशापूर्वीं विचारावयाचे प्रश्न निराळेच आहेत. एका वर्गांत मुलें किती? शिक्षक टिकतात कीं दरसाल बदलतात? जाण्यायेण्यांत मुलाचा किती वेळ जाणार? आणि तें चार दिवस गप्प बसलें, तर कोणाच्या ध्यानांत येईल काय?

स्नेह्यांच्या घरीं हा शेवटचा प्रश्न आम्हीं केला, तेव्हां क्षणभर सारे स्तब्ध झाले. मुलगी नुकतीच नाशिकची शाळा व मैत्रिणी सोडून आलेली. दाराआड उभी राहून सारें ऐकत होती. तिचें मत कोणींच घेतलें नव्हतें. आजोबांनींच तिला हांक मारली, जवळ बसविलें, आणि दोन्ही शाळा तिच्यासह पाहून येण्याचें ठरलें. निर्णय कोणताहि होवो. आरंभ योग्य ठिकाणीं झाला, याचें आम्हांस समाधान आहे.