चिखलात सगळे, कापणीला कोण?

जुलै महिन्यात आमच्या गावातल्या शेतकऱ्यांची संख्या एकदम वाढते. शाळेची मुले येतात, महिला मंडळ येते, पुढारी पँट दुमडून चिखलात उतरतात, चार रोपे लावतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो! मग मंडळी पाय धुऊन जातात. त्या रोपांचे पुढे काय झाले, हे विचारायला आश्विनात कोणी फिरकत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. गोव्यातले शेत पडीक पडायला सुरुवात होते ती आश्विन-कार्तिकात, जूनमध्ये नव्हे.

सरदाचे पीक दसऱ्याच्या आसपास कापणीला येते, आणि नेमका परतीचा पाऊस कोसळतो. आडव्या झालेल्या भाताला ओलीत कोंब फुटू लागतात. माणसे मिळत नाहीत. कापणीचे यंत्र मोठ्या सपाट शेतात छान चालते, पण आमचे कुणगे एवढेसे की यंत्र वळवायला मेर फोडावी लागते, आणि ओल असली की ते रुतते ते वेगळेच. शेवटी घरातलीच चार माणसे विळे घेऊन उतरतात. त्यातली दोन साठीच्या पुढची. पुढल्या वर्षी हे नको, असे शेतकरी मनाशी म्हणतो तो याच दिवशी.

कापणी झाली म्हणजे सुटलो असेही नाही. वायंगण करायचे तर पाऊस ओसरताच ओहळ अडवावा लागतो, पाट उपसावे लागतात, मेरा बांधाव्या लागतात. पूर्वी वाड्यावरचे लोक दिवस ठरवून दगड, माती, झावळ्या घेऊन जमायचे. आता पक्का बंधारा आहे आणि फळ्या घालण्याचे काम सरकारी. गेल्या वर्षी आमच्याकडे त्या पडल्या तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते. तोवरचे पाणी समुद्राला! शिवाय वायंगण एकट्यादुकट्याने होत नाही. शेजारचे कुणगे ओस असले की मोकाट गुरे आणि रानडुकरे तुमच्याच हिरव्या तुकड्यावर तुटून पडतात.

"शेती परवडत नाही हो!" हे मला बहुतेक वेळा सांगतात ते महिन्याला पगार घेणारे. मजुरी धरली तर सरद कित्येकदा तोट्यात जाते, मान्य. पण वायंगणाला ऊन भरपूर, पावसाची धास्ती नाही, म्हणून उतारा सहसा जास्त. जिथे पाणी कमी तिथे अळसांदे, मिरची, मुळा, तांबडी भाजी होते. ते सोडून आपण सकाळी बेळगावच्या भाजीची वाट पाहत बसतो.

भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी करणारा कायदा २०२३ मध्ये झाला. चांगलेच झाले. पण कायदा विक्री अडवतो, ओहळ अडवत नाही.

आणि आता आपण, संस्कृतीवाले. कोजागरीच्या कविसंमेलनात भात इतके डोलते की विचारू नका. खाली उतरून ते कापावे असे एकाही कवीला वाटत नाही. चतुर्दशीच्या पहाटे दुधातले, ताकातले, रसातले पोहे आपण कौतुकाने खातो. त्या पोह्यांचे महत्त्व नव्या भातामुळे. दुकानातल्या पाकिटातले पोहे भिजवून 'आमची परंपरा' म्हणायचे, हे मला पटत नाही. नरकासुराच्या पोटात भरायला पेंढासुद्धा आपण विकत आणू लागलो!

आजची पोरे आळशी आहेत, हे मात्र कोणी सांगू नये. तीच पोरे रात्र रात्र जागून दोन मजली सांगाडा उभा करतात, वर्गणी गोळा करतात. एवढी ताकद आणि एवढा पैसा पहाटेपर्यंत राख होतो. मी नरकासुर बंद करा म्हणत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हीच मंडळी, उरलेले बांबू आणि दोर घेऊन, आपापल्या वाड्यावरच्या ओहळाशी का जमू नयेत? सरकारी फळ्यांची वाट कशाला पाहायची? फोटो हवे तर जरूर काढा.

आमच्या वाड्यापुरते सांगतो. पाणी वेळेवर अडले तर पाच-सहा कुणगे यंदा नक्की भिजतील. 'ज्योती'चे बियाणे मी काढून ठेवले आहे.