साखर मोजता, मग पाय कोण बघणार?

मित्रहो, जरा स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ दे.

आपल्या कोल्हापुरात नेत्याचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सखाली मोफत मधुमेह तपासणी शिबिर भरतं. बोटाला सुई टोचायची, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, बीपीचा पट्टा गुंडाळायचा, मग एक ग्रुप फोटो. अशी पाच-सहा शिबिरं मी जवळून बघितलीत. "काका, चप्पल काढा, तळवा दाखवा" असं एकाही ठिकाणी ऐकलं नाही. दवाखान्यातही फार वेगळं नाही. माझ्या मामांची शुगर अकरा वर्षांची. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट, दर वेळी गोळ्यांची अदलाबदल. पाय पहिल्यांदा बघितला गेला तो अंगठा काळा पडल्यावर.

आणि मग सगळे म्हणणार, "शुगरवाल्याची जखम भरत नाही, काय करणार." म्हणजे नशिबावर ढकलून मोकळे! अहो, जखम भरत नाही हे पुढचं झालं. ती झाली कशी आणि आठ दिवस कळली का नाही, हे कुणी विचारायचं?

वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते, मग हळूहळू बधिरपणा. चालताना पायातून चप्पल निसटते आणि चार पावलं पुढं गेल्यावर कळतं, ही त्याचीच खूण. आपण हसण्यावारी नेतो. अशा पायात खिळा घुसला, ऊस तोडल्यावर राहिलेला खुंट लागला, शेकायच्या पिशवीनं भाजलं, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. त्यात रक्तपुरवठा कमी असला की संपलंच, आणि तो कमी करायला बिडी-सिगारेट, तंबाखू आहेच. कुरूप ब्लेडनं कापणं, वाकडी बोटं, आत वळलेली नखं, कमी झालेली नजर, किडनीचा त्रास, सगळं त्यात भर घालतं. सगळ्यात मोठा धोका त्याला, ज्याला आधी एकदा जखम होऊन गेली. भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा होतात. जखम भरली म्हणून पेढे वाटायचे आणि तपासणी बंद करायची, ही आपली पद्धत.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या साधारण पाचातल्या एकाला, कदाचित तिघातल्या एकाला, आयुष्यात कधीतरी पायाची जखम होते असं जगभरचे अभ्यास सांगतात. आपल्या गल्लीत किती होतात ते तुम्हीच मोजा.

आता खरा मुद्दा. हे रोखायचं कसं, ते आपल्या सरकारला माहीत नाही असं अजिबात नाही. शेंडा पार्क म्हटलं की जुन्या लोकांना कुष्ठधाम आठवतं. कुष्ठरोगातही नसा मरतात, पाय बधिर होतो. बोटं रोगानं 'झडत' नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1946 नंतरच्या कामातून दाखवून दिलं. त्यातूनच बधिर पायासाठी मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या. आजही राष्ट्रीय कार्यक्रमात कुष्ठरुग्णाला त्या मोफत मिळतात, पाय रोज कसा बघायचा तेही शिकवलं जातं. पुढं ब्रँड अमेरिकेत गेले आणि हीच विद्या तिकडं मधुमेहाच्या पायांना वापरली गेली. म्हणजे आपल्याकडं जमलेली गोष्ट सातासमुद्रापार पोचली, पण शेंडा पार्कातून सीपीआरच्या मधुमेह ओपीडीपर्यंत पोचायला अजून रस्ता सापडेना. पाय तसाच बधिर, फक्त रोगाचं नाव वेगळं. मग चप्पल का नाही?

चपलेवरून आठवलं. 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडानं आपल्यासारखी चप्पल दाखवली, तेव्हा आपण किती पेटलो होतो! पेटायलाच हवं होतं. पण नवी कोल्हापुरी चावते हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. बधिर पायाला ती चावलेली कळत नाही. कडक तळ, अंगठ्याची पट्टी, मागं पट्टा नाही, अशी चप्पल या पायासाठी नाहीच. आपले कारागीर मऊ तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल सहज करतील. त्यांना ऑर्डर कोण देणार, हा प्रश्न आहे.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, चैत्रात जोतिबाच्या तापलेल्या दगडी पायऱ्या. श्रद्धेवर मी एक शब्द बोलत नाही. पण बधिर पायाच्या माणसाला देवळात जाड मोजे घालू द्यायला आणि उन्हात मॅट अंथरायला कुणाची हरकत असावी?

महापालिका आणि जिल्हा परिषदेकडं मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात 10 ग्रॅमची मोनोफिलामेंट ठेवा. नायलॉनचा दोराच तो, काही शे रुपयांचा. मधुमेही माणसाचा पाय वर्षातून एकदा तरी तपासा, पायावरची नाडी बघा, पाय बधिर निघाला तर एमसीआर चप्पल द्या. पाय काढायचं ऑपरेशन आणि नंतर घरी बसलेला कमावता माणूस, याचा हिशोब त्याच्याशेजारी मांडून बघा.

तोवर आज रात्री घरी हे करा. वडिलांना, आईला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांना तुमच्या बोटानं अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांकडं जा आणि चप्पल काढूनच खुर्चीत बसा.

आणि पुढच्या वाढदिवसाच्या शिबिराला ज्यांचा फ्लेक्स लागणार आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा. पाय तपासायचं टेबल मांडायला मी स्वतः येतो.