'व्हिडिओ फ्री' ही पाटी आधी उतरवा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात किंवा वाडीत स्कूबावर काम करणारा पोरगा असेल तर वाचाच.

मालवण, तारकर्ली, देवबाग. सीझनला कुठेही जा, स्कूबाच्या पाटीवर एक ओळ असतेच : 'व्हिडिओ फ्री'. पर्यटकाला पोहता येत नसतं. आपला पोरगा त्याला एका हाताने धरतो आणि दुसऱ्या हातात गोप्रो. दिवसातून कितीतरी वेळा हेच. संध्याकाळी हजेरी मिळते ती पर्यटकाला सांभाळल्याची. शूटिंगचे वेगळे पैसे नाहीत.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ह्या 'फ्री'ने आपल्या पोरांचं दुहेरी नुकसान होतंय. एक, जे काम फुकट मिळतं त्याला कोणी काम म्हणत नाही. मग मुंबईहून जाहिरातीचं किंवा वेबसिरीजचं युनिट येतं तेव्हा हाच पोरगा 'लोकल सपोर्ट' होतो, म्हणजे टाक्या उचलणारा. दोन, ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्याच्या हातात कॅमेरा असताच कामा नये. सांभाळणारा वेगळा आणि शूट करणारा वेगळा हवा, आणि दोघांचेही पैसे लागले पाहिजेत. पर्यटकाला हे नीट सांगितलं तर तो देतो. बनाना राइडचे देतोच की!

बातमीसाठी किनाऱ्यावर गेलो की हमखास कोणीतरी आई विचारते, "ह्या कॅमेऱ्याच्या कामात माझ्या झिलाक पुढे काय गावात काय?" गावात, काकी. पण काही गोष्टी कराव्या लागतील.

पहिली गोष्ट, कॅमेरा घेण्याआधी पक्का डायव्हर हो. ओपन वॉटरचं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं, ॲडव्हान्सचं ३० मीटरपर्यंतचं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, त्यासाठी परदेशी जायला नको. हात-पाय न मारता एका जागी तरंगता येत नसेल तर महागडा कॅमेराही हलकंच चित्र देणार, वर फिनने तळाची रेती उडणार ती वेगळीच. आणि चांगला शॉट मिळतोय म्हणून सेफ्टी स्टॉप चुकवायचा नाही. ५ मीटरवर ३ मिनिटं म्हणजे ३ मिनिटं.

दुसरी, उजेड समजून घे. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाच-सात मीटर खाली गेलास की लाल मासा मातकट दिसायला लागतो. त्यामुळे व्हाइट बॅलन्स खोलीनुसार हाताने लावायचा, ऑटोवर सोडायचा नाही. आपलं पाणी अंदमानासारखं काचेगत नाही. लाईट कॅमेऱ्याला चिकटवून लावलास तर गाळाचा कण न् कण चमकतो आणि पाण्यात बर्फ पडल्यासारखं दिसतं. लाईट दोन्ही बाजूंना लांब धर, वाइड लेन्स लाव आणि विषयाच्या जवळ जा. मधलं पाणी जितकं कमी तितकं चित्र स्वच्छ. हाऊसिंगची ओ-रिंग रोज तपास. एक केस किंवा रेतीचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेरा गेला.

तिसरी, आपलं पाणी हेच आपलं भांडवल. 'माय ऑक्टोपस टीचर' ह्या डॉक्युमेंटरीला २०२१ साली ऑस्कर मिळालं. त्यातला क्रेग फॉस्टर दक्षिण आफ्रिकेत आपल्या घराजवळच्या समुद्रात रोज उतरायचा, तेही टाकी न लावता. एकच जागा, एकच ऑक्टोपस, जवळपास वर्षभर. भांगाला पाणी कधी निवळतं, कुठल्या खडपात गोबरा बसतो, हे आपल्या पोरांना जेवढं माहीत आहे तेवढं बाहेरच्या कॅमेरामनला महिनाभरात कळणार नाही. ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात स्कूबा बंद असतं तेव्हा एडिटिंग शिका आणि दोन मिनिटांची स्वतःची शोरील बांधा. त्यात पर्यटकांचे हात हलवणारे व्हिडिओ नकोत, समुद्र दाखवा.

चौथी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे कागद. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. पैसे देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. नोकरीत केलेल्या कामाचंही तसंच, हक्क मालकाचा. म्हणून पाण्यात उतरण्याआधी निदान एक पान लिहून घ्या : दिवसाचे किती, फुटेज कुठे कुठे वापरणार, नाव येणार की नाही, अपघात झाला तर खर्च कोणाचा. समोरचा म्हणेल, "अरे भाऊ, विश्वास नाही का?" विश्वास आहे, म्हणूनच कागदावर घेऊ. आणि कागद आपल्यालाही लागू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे शूटिंगला वनखात्याची परवानगी लागते. प्रवाळ किंवा समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शॉटसाठी प्रवाळ मोडणाऱ्याने समुद्राच्या नावाने गळा काढू नये.

आता हे सगळं आजच का लिहितोय? नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून तिथे संग्रहालय करायचा सरकारी प्रकल्प आहे. बुडालेल्या जहाजावर हळूहळू शेवाळ, शिंपले, मासे वस्तीला येतात. ते वर्षानुवर्षं शूट होणार, त्याच्या जाहिराती आणि डॉक्युमेंटऱ्या होणार. ते काम कोणाला मिळणार?

माझी मागणी साधी आहे. सरकारी पैशातून ह्या जिल्ह्याच्या समुद्रात शूटिंग होईल तेव्हा टेंडरमध्येच अट घाला : कॅमेरा टीममध्ये प्रशिक्षित स्थानिक डायव्हर, ठरलेला मोबदला आणि श्रेयनामावलीत नाव. आमदार-खासदारांनी हे लावून धरावं. स्कूबा व्यावसायिकांनी येत्या सीझनला एकत्र बसून व्हिडिओचा एकच दर ठरवावा. एकट्याने पाटी उतरवली तर गिऱ्हाईक शेजारी जाणार, हे मलाही कळतं. म्हणूनच सगळ्यांनी मिळून, एकाच दिवशी उतरवा.