मराठीसाठी कोणता अंक दाबायचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या काकूंचे वय ८४. वाईहून लग्न होऊन त्या इंदुरात आल्या त्याला साठ वर्षे उलटली. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी त्यांचे हिंदी झकास चालते; वाचन मात्र जन्मभर मराठीतच झाले. त्यांच्यासाठी आम्ही रक्तातील साखर मोजण्याचे एका परदेशी कंपनीचे यंत्र आणले. सोबतची पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत होती. काकू म्हणाल्या, "अरे, तू घरी नसलास तर माझे मला समजायला नको का? मराठीत काही मिळते का, विचार तरी."

आम्ही ग्राहकसेवेला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. तीन आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर दाबून पाहिला. उपयोग झाला नाही. अखेरीस एक मुलगी बोलू लागली. आमची मागणी ऐकून तिने विचारले, आपण कुठून बोलता? इंदूरहून, आम्ही म्हटले. त्यावर अतिशय सौजन्याने उत्तर आले, "सर, मराठी की सुविधा केवल महाराष्ट्र के ग्राहकों के लिए है।"

म्हणजे पुस्तिका मराठीत छापलेली होती. मराठी बोलणारे सेवकही होते. आम्ही तेवढे नकाशाच्या चुकीच्या बाजूला उभे होतो. त्या मुलीवर आमचा राग नाही. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही स्वतः कितीकांना "हे प्रकरण आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही" असे सांगितले आहे. तिच्या स्वरात आम्हाला आमचाच जुना स्वर ऐकू आला. आमचे भांडण आहे ते तिच्या तोंडी हे वाक्य घालणाऱ्या धोरणाशी.

परमुलखात धंदा थाटणाऱ्या कंपन्या या धोरणाला 'स्थानिकीकरण' म्हणतात. शब्द बोजड असला तरी आशय जुनाच आहे: ज्याच्या दारी जायचे त्याची भाषा, त्याचे ताट, त्याच्या सवयी आधी समजून घ्यायच्या. हे न करणाऱ्यांनी किंमत मोजली आहे. केलॉग कंपनी १९९४ मध्ये भारतात आली, ती थंड दुधात कुरकुरीत राहणारे मक्याचे पोहे घेऊन. आपल्या घरांत सकाळी दूध तापवून घेण्याची रीत. गरम दूध पडताच त्या पोह्यांचा लगदा झाला आणि आरंभीचा उत्साह लवकरच ओसरला. वॉलमार्ट १९९७ च्या अखेरीस जर्मनीत उतरली. दारात हसून स्वागत करणारा नोकर आणि सामान पिशवीत भरून देणारा दुसरा, ही अमेरिकी रीत जर्मन गिऱ्हाइकाला आगाऊपणाची वाटली. कारणे आणखीही होती; पण २००६ मध्ये तिने तेथील दुकाने विकून काढता पाय घेतला.

ज्यांनी समजून घेतले ते टिकले. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये दिल्लीत पहिले दुकान उघडले ते गोमांस वगळून. शाकाहारी आणि मांसाहारी रांधण्याची जागाही वेगळी ठेवली. आयकिया २०१८ मध्ये हैदराबादेत आली, तेव्हा तिच्या उपाहारगृहात बिर्याणी होती. आमच्या हैदराबादकर वाचकांनी ती चाखलीही असेल.

मग प्रश्न असा पडतो की, पोटाची इतकी विचारपूस करणारे हे व्यापारी भाषेपाशी येताच असे आळशी का होतात? ताटाच्या बाबतीत माणूस पाहिला जातो. भाषेच्या बाबतीत पिनकोड पाहिला जातो. महाराष्ट्रात मराठी, गुजरातेत गुजराती, मध्य प्रदेशात हिंदी, तेलंगणात तेलुगू, अशी राज्यवार वाटणी करून कागद बंद. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी घरे या कोष्टकात कोठेच बसत नाहीत.

गंमत अशी की, यंत्राचा याला आधार नाही. संगणकाच्या व्यवहारात भाषा आणि देश यांची जोडखूण वापरतात. कॅनडाच्या फ्रेंचची वेगळी, ब्राझीलच्या पोर्तुगीजची वेगळी. मराठीची खूण आहे 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी, भारत. तिच्यात महाराष्ट्राचे नाव नाही. यंत्राने मराठीला सारा देश दिला. कंपनीच्या बाजारविभागाने तिला एका राज्यात कोंडले.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला खर्चाचा. कॅनडातील क्युबेक प्रांताची वस्ती २०२१ च्या गणनेत सुमारे ८५ लाख होती. १९७७ च्या भाषा कायद्याने तेथे मालावरचा मजकूर आणि सूचनापत्रक फ्रेंचमध्ये असणे बंधनकारक केले. जगभरच्या कंपन्या ते निमूटपणे छापतात. भारतात २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते. शिवाय आम्ही नवे काही छापा म्हणतच नाही. छापलेले आहे ते मागणाऱ्याला द्या, एवढेच म्हणतो. त्याला खर्च कसला?

दुसरा आक्षेप असा की, या मंडळींना हिंदी येते, लिपीही एकच, मग अडते कोठे? अडते ते असे. हिंदीत 'शिक्षा' घेतात, मराठीत ती भोगतात. हिंदीत 'चेष्टा' केली तर प्रयत्न होतो, मराठीत केली तर भांडण होते. कचेरीत आमच्या टेबलावर 'संशोधन' म्हणजे नियमातील दुरुस्ती, आणि घरी 'संशोधन' म्हटले की इतिहासाचार्य राजवाडे! बाजारात बोलण्यापुरती येणारी भाषा आणि औषधाची मात्रा, विम्याची अट, कर्जाचा करार निर्धास्तपणे वाचता येईल अशी भाषा यांत अंतर असते. न समजलेल्या कागदावर खाली अंगठा किंवा सही करणारी माणसे आम्ही नोकरीत शेकड्यांनी पाहिली. त्यांत सुशिक्षितही होते.

लिपी एकच, हेही अर्धसत्य आहे. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे निराळी. 'ऱ्या' मधला र निराळा. अक्षरसंचांत या वळणांची सोय करता येते, पण मजकूर मराठी आहे अशी नोंद कोणी केली तर! आणि मजकूर मराठीत आणला तरी काम संपत नाही. इंग्रजी वाक्यात नावाची रिकामी जागा सोडून तेथे कोणतेही नाव बसवता येते. मराठीत नावाचे सामान्यरूप होते. 'पुणे' चे 'पुण्यात' होते, 'बडोदे' चे 'बडोद्याला' होते. हे ठाऊक नसलेला कारागीर पडद्यावर 'पुणे मध्ये' आणि 'बडोदे ला' असे तुकडे जोडून मोकळा होतो. असल्या मराठीस मराठी माणूसच कंटाळतो आणि इंग्रजीकडे वळतो. मग कंपनी म्हणते, पाहा, मराठीला मागणीच नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: मराठी दिली तर स्थानिक भाषेचा अपमान होईल. बेळगावातील दुकानाची पाटी हा कायद्याचा आणि जुन्या वादाचा विषय आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही. परंतु कोणाच्या खिशातल्या फोनवर आणि औषधाच्या डबीतल्या घडीच्या कागदावर कोणती भाषा आहे, याने शेजाऱ्याचे काय जाते? हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू यांच्या जागी मराठी आणा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याबरोबर आणा, म्हणतो. त्या भाषांचे ऋण आम्ही जाणतो. आमची मुले त्यांतच शिकली.

हे काम कसे करावे याचा धडा आपल्याच घरात आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड स्वतः मराठी. प्रजा बहुतांशी गुजराती. त्यांनी राज्यकारभारात गुजरातीला स्थान दिले. एवढ्यावर न थांबता कारभारातील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, बंगाली, संस्कृत व फारसी प्रतिशब्द देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश सिद्ध करवला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका संस्थानाने संगणकाविना जे केले, ते आजच्या धनाढ्य कंपन्यांना जड का जावे?

परंतु सुज्ञ वाचकहो, कंपन्यांना चार शब्द सुनावून आपण मोकळे होऊ शकत नाही. कंपनी आपली निवड मोजते, तक्रारीचा उसासा मोजत नाही. पैसे काढण्याच्या यंत्रावर मराठीचे बटण दिसत असता किती जण ते दाबतात? फोनमध्ये मराठी असते. आपल्यापैकी कितीजणांनी ती लावली? संमेलनात भाषेच्या नावाने गहिवरायचे आणि घरी येऊन दोन दाबायचे, हा आपला शिरस्ता. हे आम्ही आमच्याकडे बोट दाखवूनच लिहितो. काकूंनी विचारीपर्यंत आमचाही फोन इंग्रजीतच होता.

आइसलंडची वस्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम पावणेतीन लाख होती. मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली आपल्या भाषेत हवी, असा त्या देशाने आग्रह धरला. एवढ्याशा बाजारपेठेसाठी हे परवडत नाही, असे आधी उत्तर मिळाले. त्यांनी पिच्छा सोडला नाही, आणि १९९९ च्या आरंभी कंपनीने मान्य केले. त्यांच्यामागे सरकार होते, आपल्यामागे नाही, हे खरे. पण आपल्यापाशी संख्या आहे, संस्था आहेत, आणि निवृत्तांना भरपूर वेळ आहे. प्रत्येक मंडळाने वर्षातून चार पत्रे जरी अशा कंपन्यांना पाठवली, सभासदांच्या सह्यांनिशी, मराठीत, तरी कोष्टकात एक रकाना वाढवणे कोणाला तरी भाग पडेल. भाषा राज्यावरून ठरवू नका, ग्राहकाला विचारा, ही एकच मागणी त्या पत्रांत असावी.

काकूंच्या यंत्राचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही दोन संध्याकाळी बसून त्या पुस्तिकेचे मराठी केले, ठळक अक्षरांत लिहिले आणि कपाटाच्या दारावर चिकटवले. काकू आता स्वतःच साखर मोजतात आणि वहीत आकडे मांडतात. कंपनीचे काम आम्ही फुकट करून दिले. पण प्रत्येक घरात असा रिकामटेकडा निवृत्त अधिकारी असेलच असे नाही. आणि असला तरी तो किती दिवस पुरणार?