शाल कमवावी लागते

गेल्या स्थापना दिनाला आमच्या हाउसने ‘नागा नृत्य’ सादर केले. पुठ्ठ्याचे भाले, कोंबडीची पिसे, अंगावर लाल-काळ्या रंगवलेल्या चादरी आणि मधूनमधून ‘हू हू’ असा आरडाओरडा. टाळ्या भरपूर पडल्या, दुसरे बक्षीसही मिळाले. मी पहिल्या रांगेत होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवरचा मित्र मोकोकचुंग जिल्ह्यातला, आओ नागा आहे. आम्ही आग्रह करूनही तो नाचात आला नव्हता. लाइट्स आउटनंतर मी कारण विचारले. तो एवढेच म्हणाला, “तुझ्या अंगावर काय होतं, ते तुला माहीत आहे का?”

मला माहीत नव्हते. पुढे काही त्याच्याकडून, काही लायब्ररीतून समजले. आम्ही जिची नक्कल केली ती आओ योद्ध्याची शाल, त्सुंगकोतेप्सू. तिच्या मधोमध पांढरा पट्टा असतो आणि त्यावर वाघ, हत्ती, धनेश पक्षी आणि गव्यासारखा दिसणारा मिथुन यांची चित्रे असतात. जुन्या काळी ती कोणालाही घालता येत नसे. ज्याने लढाईत शत्रूचे शीर आणले किंवा मिथुनाचा बळी देऊन गावजेवण घातले, त्यालाच तो मान होता. शिरे आणण्याची प्रथा केव्हाच बंद झाली, ते चांगलेच झाले. पण दुसरी अट मला फार आवडली. श्रीमंताने धान्य आणि जनावरे साठवून न ठेवता गावाला खाऊ घालायचे, तेव्हा त्याला शाल मिळायची. म्हणजे मान मिळे तो किती आहे यावर नव्हे, तर किती दिले यावर!

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. नागा गावांत मुलगे मोठे होत ते मोरुंगमध्ये. आओ लोक त्याला अरिजू म्हणतात. एकाच वयाच्या मुलांची तुकडी एकत्र दाखल होई आणि तिथेच झोपे. सर्वांत लहान तुकडीने मोठ्यांसाठी पाणी आणि लाकडे आणायची. गावाची राखण, गाणी, पूर्वजांच्या कथा, वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत हे सगळे तिथेच शिकायचे. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेला मोठा नगारा वाजला की सर्वांनी धावायचे. आपल्याकडे बिगुल वाजतो, इतकाच फरक. आपण ज्यांना ‘जंगली’ समजून नाचलो, त्यांच्याकडे आपल्या शाळेच्या कितीतरी आधी आपल्यासारखीच शाळा होती.

काही मित्र म्हणतात, “नागालँडमध्येही हॉर्नबिल महोत्सवात लोक वेशभूषा करून नाचतातच ना?” हो, 2000 सालापासून दर डिसेंबरमध्ये कोहिमाजवळ किसामा इथे हा महोत्सव भरतो. पण तिथे प्रत्येक जमात आपलेच गाणे गाते, आपलीच शाल पांघरते. आम्ही सोळा-सतरा जमातींची एकच खिचडी केली आणि तिला ‘नागा’ नाव दिले.

हे जुने सगळे जसेच्या तसे ठेवावे, असे मी म्हणत नाही. नागा गावेही तसे करत नाहीत. अंगामी लोकांच्या खोनोमा गावाने 1998 मध्ये आपले जंगल राखीव केले आणि शिकारीवर बंदी घातली. शिकार ही त्यांची परंपरा होती, तरीही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते गावाने ठरवले. तो हक्क त्यांचा आहे, आपल्या ड्रेस रिहर्सलचा नाही.

कॅप्टन केंगुरुसे यांचे नाव आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. कारगिलमध्ये कडा चढताना पाय घसरू नयेत म्हणून त्यांनी बूट काढले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालेला हा वीर कोहिमाजवळच्या नेर्हेमा गावचा अंगामी नागा. त्यांचे पदक पुठ्ठ्याचे करून छातीवर लावायची हिंमत आपल्यापैकी कोणी करेल का? मग शाल चादरीवर रंगवताना आपला हात का थरथरला नाही?

यंदा मी हाउस मास्टर सरांना विनंती केली आहे: दुसऱ्या प्रांताचा नाच बसवण्याआधी त्या प्रांतातल्या कॅडेटला विचारावे, आणि वेशाचा अर्थ मंचावर सांगावा. तो नाही म्हणाला, तर दुसरा नाच निवडावा. बक्षीस गेले तरी चालेल.

मित्राची माफी मी मागितली आहे. सुट्टीत त्याने मला गावी बोलावले आहे. तिथे मी नाचणार नाही, आधी बघेन आणि ऐकेन.